विनायकचा अर्धा गेम

या, जरा सरकून जवळ बसा. कीर्तनात बुवा उत्तररंगाला, गोष्ट सांगायला आले की बसता ना, तसे. सांगतो ते रचलेलं नाही. रायपूरच्या शंकर नगरात, मागच्या पौषात घडलं. अच्युतनं स्वतः मला सांगितलं, तेही देवळात बसून.

अच्युतला जुने गेम खेळायच्या हँडहेल्डचा, हातात धरायच्या त्या यंत्रांचा, भारी नाद. जुनं-नवं शेजारी ठेवायचं, कशावर गेम बरा चालतो ते पाहायचं, व्हिडिओ करायचा.

त्या संध्याकाळी टेबलावर दोन होती. नवं त्याचं. जुनं विनायकचं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचं. विनायक सिलतऱ्याच्या कारखान्यात अपघातात गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं.

जुन्याची बॅटरी फुगलेली. आणि विनायकनं अर्धा सोडलेला गेम त्यातच.

"त्यांच्या बोटांचं तेवढंच उरलं आहे, भाऊजी," विनायकची बायको, सुनीतीवहिनी म्हणाल्या. "नव्यात घेऊन द्या मले."

अच्युतनं जुन्याच्या मेमरी कार्डावरचं सारं नव्यात उतरवून घेतलं. नव्याचा पडदा लखलखीत, आवाज स्वच्छ. जुन्याचा पडदा पिवळट, आवाजात खरखर. पण गेम उघडला तो जुन्यावरच. नव्यातल्या इम्युलेटरला, म्हणजे जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, विनायकचा साठवलेला गेम वाचताच येईना. नुसता काळा पडदा.

आत वहिनींनी देवापुढं दिवा लावला...

जुन्यातली गेमची धून थांबली.

गेम पॉज झाला होता. अच्युतचे दोन्ही हात मांडीवर होते.

बटण अडकलं असेल, त्यानं मनाला समजावलं.

वहिनी नमस्कार करून उठल्या... आणि धून आपोआप सुरू झाली.

वहिनी दारातच थबकल्या.

"दिव्याच्या वेळी थांबवत जात ते," त्या हळूच म्हणाल्या. "रागावून रागावून मीच लावली होती सवय."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. अच्युतनं घाईनं झाकण उचकटून बॅटरी काढली. वहिनी नको नको म्हणत राहिल्या, ते अर्ध्यात आहेत म्हणाल्या. पण घर पेटलं असतं, तो तरी काय करणार?

पडदा विझला.

वहिनी रडल्या नाहीत. त्याचीच अच्युतला जास्त भीती वाटली.

मग... खरखर ऐकू आली.

नव्यातून.

काळा पडदा उजळला. विनायकचा गेम, सोडला होता तिथंच. फक्त खाली इंग्रजीत एक ओळ लुकलुकत होती... दुसरा खेळाडू यायचा आहे.

विनायक कायम एकटाच खेळला. त्या गेमात दोघांची सोयच नाही. अच्युत असले गेम कोळून प्यायलेला, त्याला ते पक्कं ठाऊक.

वहिनी शेजारी येऊन बसल्या. पदराला हात पुसले.

"कोणतं बटण दाबायचं असते, भाऊजी? शिकवा मले."

अच्युतनं ते नवं हँडहेल्ड ओढून घेतलं आणि कपाटात कुलूपबंद केलं. त्यातलं चार्जिंग केव्हाच संपायला हवं होतं. खरखर अजून येते म्हणतो. आणि वहिनी रोज शांतपणे विचारतात, आज शिकवता काय?

जिवाची ओढ देहाबरोबर जळत नाही, हे कीर्तनात कितीदा ऐकलं. तेव्हा गोड वाटायचं... आता वाटत नाही.

दिव्यापुढं हात जोडाल तेव्हा विनायकला आठवा. आणि त्याला एवढंच सांगा, सुनीतीला अजून इथंच राहू दे.