आरशात दिसलो नाही तर थांबायचं

पाटी आधी थरथरली, मग वाकली, आणि मग अगदी सावकाश, एखाद्या म्हाताऱ्यानं खाटेवर अंग टाकावं तशी आडवी झाली.

पाटीवर लिहिलं होतं — पुढे तीव्र वळण आहे.

खरं तर गाडी तिनं किती झोकात वळवली होती! पण गाडीच्या मागं एक कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची पत्र्याची खोली, जोडलेली होती आणि नेमकी तीच तिच्या डोक्यातून गेली होती. कॅरॅव्हॅननं सरळ कोपरा कापला. तिचं चाक पदपथाच्या कडेवर चढलं, पाटीला खेटलं, आणि सरावाच्या मैदानाच्या फाटकातच शिकण्याचा नारळ फुटला.

शेजारी बसलेले ड्रायव्हरकाका, ज्यांच्या गुडघ्यांनी आता पुरता संप पुकारला होता, नुसतं "अगं अगं अगं" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मैदानातून एक उंच माणूस आला. त्यानं पाटी उचलली, बाहीनं पुसली, वाचली आणि तिच्या काचेपाशी येऊन उभा राहिला.

"वाचता येतं ना?"

"येतं की!"

"मग ही वाचली नाहीत?"

"वाचली म्हणूनच वळले."

तो हसला नाही. पण ओठांचा एक कोपरा जरासा… "तुम्ही वळलात हो. तिला कुणी सांगितलं?" त्यानं मागं कॅरॅव्हॅनकडे बोट केलं.

"हाच तो वळणमास्तर," काका पुटपुटले. शिकायला येणाऱ्यांनी ठेवलेलं नाव. आता महिनाभर याच्याच हाताखाली शिकायचं, हे ऐकून तिनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

नाव तिलाही होतं. शाळांमधली पोरं तिला कानवाली ताई म्हणायची. कॅरॅव्हॅनच्या आत, बाहेरचा आवाज येऊ न देणारी एक छोटी खोली होती. एक खुर्ची, हेडफोन, हातात धरायचं एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. दूरदूरच्या शाळांत आणि वृद्धाश्रमांत जाऊन ती कान तपासायची. आता काका निवृत्त होणार होते आणि ऑफिसात नवा ड्रायव्हर मिळत नव्हता. साहेब म्हणाले होते, राहू दे, कॅरॅव्हॅनवर ताडपत्री टाकून ठेवू. तिच्या डोळ्यांपुढे एका शाळेतली मुलगी आली, जिला सगळे मठ्ठ म्हणायचे आणि जिला फक्त ऐकू येत नव्हतं. "मी शिकते," ती म्हणाली. म्हणताना पाटीचा विचार कुणी केला होता?

"तुम्हाला वाटेल, आता वळावं," मास्तरनं पहिल्या दिवशी सांगितलं. "तेव्हा वळायचं नाही. अजून थोडं सरळ जायचं. जीव वरखाली होईल, समोरची भिंत अंगावर येतेय वाटेल, तरी जायचं. मग वळायचं. मागून येणारीला जागा ठेवून."

"आणि भिंत खरंच अंगावर आली तर?"

"भिंती जागच्या हलत नाहीत. पाट्यांचा अनुभव तुमचा जास्त."

रिव्हर्स त्याहून कठीण. कॅरॅव्हॅन उलटी चालायची. उजवीकडे वळवावं तर डावीकडे जायची. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि तिला जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा, ही युक्ती त्यानंच दिली. आणि दुसरी गोष्ट सांगताना त्याचा आवाज एकदम गंभीर झाला.

"मी मागं उभा राहून हात दाखवीन. आरशात मी दिसतोय तोवर या. आरशात दिसलो नाही तर थांबायचं. मी कुठं गेलो याचा विचार करत बसायचं नाही. आधी थांबायचं."

"बाकीचे मास्तर तर वॉकीटॉकीवर सांगतात."

"त्यात बडबड फार होते. हात बरे."

त्याचे हात खरंच बरे होते. लांब, उन्हानं रापलेले. या… या… जरा डावीकडे… बास. त्या चौकोनी आरशात तो एवढासा दिसायचा आणि ती सगळं मैदान सोडून तेवढंच बघायची. हळूहळू तिला त्याच्या खांद्यावरून कळायला लागलं की आता तो थांबा म्हणणार. हे शिकवण्याच्या कुठल्या भागात येतं, हे तिनं कुणाला विचारलं नाही.

एकच गोष्ट खटकायची. पाठमोरा असला की हा माणूस ओ देत नसे. "येते हं मास्तर!" ती मागून म्हणायची, आणि हा खुशाल सरावासाठी मांडलेले शंकू गोळा करत बसायचा. एकदा तिनं गमतीनं हॉर्न वाजवला, तरी मान वळली नाही. माज आहे नुसता, ती आईला म्हणाली. कानांवर पोट भरणाऱ्या बाईला माज आधी दिसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग उताराचा दिवस आला.

मैदानामागचा तो लांब, उघडा रस्ता. 'आडव्या वाऱ्यापासून सावधान' ही पाटी तिनं वाचली, या खेपेला न पाडता. तो शेजारी बसला होता, उजवा कान तिच्याकडे करून. अर्ध्या उतारावर स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही उरलंच नाही असं. मग आरशातलं आभाळ डुललं. डावीकडे… उजवीकडे… कॅरॅव्हॅन शेपूट हलवायला लागली होती, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता. तिचा पाय ब्रेककडे धावला.

"ब्रेक नको!" त्याचा हात तिच्या हातावर आला. "तिच्याशी भांडायचं नाही. पाय उचला… अलगद. हात सरळ. आता वाट बघा."

वाट बघणं! सगळं जग मागं हिसके देत असताना! पण हातावरचा त्याचा हात स्थिर होता. तिनं पाय उचलला. गाडी मंदावत गेली, हेलकावे लहान झाले, आणि कॅरॅव्हॅन रुसून थकलेल्या पोरासारखी मुकाट मागून चालायला लागली.

त्याचा हात अजून तिथंच होता. दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"मागच्या कपाटात काय भरलंय?" त्यानं हात काढून घसा खाकरला.

"बॅटऱ्यांची खोकी. आणि जादाच्या खुर्च्या."

"तरीच. जड ते मधे, चाकांच्या वर. मागं जड ठेवलं की मग तीच गाडीला ओढायला बघते."

गाडी कडेला घेऊन त्यांनी खोकी हलवली. तेवढ्यात पाऊस आला, बारीक, झिमझिम. ती दोघं कॅरॅव्हॅनच्या दारात टेकली. पत्र्यावर पावसाचं चुरचुर चुरचुर चाललं होतं, कढईत मोहरी तडतडावी तसं. बाहेर झाडांमध्ये पक्ष्यांनी गिल्ला केला होता.

तो हात बाहेर काढून तळव्यावर थेंब घेत होता. "किती गुपचूप पडतो ना हा पाऊस?" तो म्हणाला. "कळतसुद्धा नाही."

तिनं वर वाजणाऱ्या पत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

वॉकीटॉकी नको. पाठमोरा असला की ओ नाही. कायम उजवा कान पुढं. बोलताना डोळ्यांत न बघता ओठांकडे बघणारी नजर — आणि ती वेडी त्या नजरेचा काय काय अर्थ लावून बसली होती!

"मास्तर… तुम्हाला ऐकू येत नाहीये."

त्यानं हात आत घेतला.

"म्हणजे, नीट येत नाही. पत्रा वाजतोय वर! तुमच्या पाठीमागं गाड्या येतात-जातात मैदानात, कुणी हॉर्न दिला तर… कधीपासून आहे हे? मैदानाच्या ऑफिसला माहितीये का?"

"नाही," तो म्हणाला. कशाला नाही, ते सांगितलं नाही. उठला, आणि त्या गुपचूप पावसातून मैदानापर्यंत चालत गेला.

दुसऱ्या दिवशी शिकवायला दुसराच मास्तर. तिसऱ्या दिवशीही तोच. वॉकीटॉकीवर अखंड बडबड करणारा.

"जेवत का नाहीयेस?" आईनं विचारलं. "त्या माजोरड्यानं पुन्हा काही म्हटलं का?"

"माजोरडा नाहीये तो, आई. मीच जोरात ब्रेक मारला."

"गाडीला?"

"नाही गं."

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "मग आता परत परत मारू नकोस. बस जरा गप्प."

ती गप्प बसली. फोन केला नाही, निरोप धाडला नाही. पाय उचलून, हात सरळ ठेवून वाट बघत राहिली. याला किती बळ लागतं ते उतारावर कळलं नव्हतं.

एका दुपारी ती कॅरॅव्हॅनमध्ये मशीन पुसत असताना दारात सावली पडली.

"तपासा," तो म्हणाला.

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. अगदी बरोबर, प्रत्येक वेळी. पहिल्यांदा तिला आनंद झाला, मग शंका आली. तिनं मशीनवर बोट ठेवलं, पण आवाज सोडलाच नाही. त्यानं बटण दाबलं.

तो तिच्या खांद्याकडे बघत होता. आरशातल्या त्याच्या खांद्याकडे ती बघायची तसा.

ती मशीन उचलून त्याच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि आवाज सोडायला सुरुवात केली. बारीक सूर. त्याहून मोठा. अजून मोठा. बटण गप्प. त्याच्या मानेवरचे केस तिला दिसत होते, आणि बटणावर टेकवलेला, आज्ञाधारक पोरासारखा तयारीत असलेला अंगठा. हेडफोनमधून बाहेर झिरपणारा सूर आता तिला स्वतःला ऐकू येत होता.

"सुरू केलंत का?" त्यानं विचारलं.

तिला डोळे पुसायला थोडा वेळ लागला. मग ती पुढं आली, त्याच्या समोर बसली, त्याला ओठ दिसतील अशी.

"केलं होतं," ती म्हणाली. "वरचे सूर गेलेत. डावा जास्त. कानाच्या यंत्रानं पुष्कळ परत येईल."

"माझ्या वडिलांनी यंत्र लावलं होतं." त्यानं हेडफोन मांडीवर घेतला. "लावलं आणि लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. मोठ्यानं बोलायचं म्हणजे दम लागतो, मग थोडक्यात बोलायला लागले. जेवलात का. औषध घेतलंत का. गमतीची गोष्ट सांगायची असली की दुसऱ्याला सांगायचे. ते मधे बसलेले असायचे, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत…" त्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "मैदानावरून काढतील, ते एक आहेच. पण तुम्ही माझ्याशी थोडक्यात बोलायला लागाल."

"मी?" ती म्हणाली. "आमच्या आईला विचारा जाऊन. थोडक्यात बोलणं मला जन्मात जमलेलं नाही."

पहिल्यांदाच तो पुरता हसला. पण ऑफिसात सांगू की नको, याचं उत्तर त्यानं दिलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. कानाच्या मापाचा साचा मात्र घेऊ दिला. त्याच्या कानात मऊ लगदा भरून दोघं बसून राहिली, तो घट्ट होईपर्यंत. इतकी जवळ, की बोलायची गरजच नव्हती.

परीक्षा ती पास झाली. परीक्षकांनी सांगितलेल्या वळणावर ती इतकी सरळ पुढं गेली की त्यांनीच सीट घट्ट धरली.

निघायची सकाळ उजाडली. काका काठी टेकत निरोपाला आले होते, आईनं डबा दिला होता. फाटकापाशी ती पाटी पुन्हा उभी केलेली होती, जराशी वाकडी. मास्तर मागं उभा होता. त्यानं हात केला — या… चला… सरळ. आरशात तो एवढासा झाला. तिला वाटलं, आता वळावं. ती वळली नाही. अजून थोडी गेली, जीव वरखाली झाला, मग वळली. कॅरॅव्हॅन पाटीला हवासुद्धा न लावता मागून आली.

आणि वळता वळता तो आरशातून नाहीसा झाला.

तिनं गाडी थांबवली. भर रस्त्यात. मागं एक टेम्पो थांबला, त्याच्यामागं एक बस.

तो धावत आला. "काय झालं? इतकं छान वळलात की!"

"तुम्ही दिसेनासे झालात."

"अहो, तो नियम मागं येतानाचा! पुढं जाताना मी कसा दिसणार?"

"मला तेवढं बारकाईनं नाही सांगितलंत. आरशात दिसलो नाही तर थांबायचं. थांबले."

तो काचेला हात टेकून उभा राहिला. दम लागला होता, की आणखी काही.

"सकाळी सांगून आलो मी," तो म्हणाला. "ऑफिसात. यंत्र येईपर्यंत मैदानावर उभं राहायचं नाही म्हणाले. आल्यावर बघू म्हणाले. आजचं हे फाटक शेवटचं, तेही तिथल्या साहेबांच्या हातापाया पडून मागितलं." त्यानं मान वळवून पाटीकडे पाहिलं. "तेव्हा आता… रिकामाच आहे."

तिनं शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथं आईचा डबा होता. तिनं तो उचलून मागं ठेवला.

"काका नाहीत आता. मागं उभं राहून हात दाखवायला कुणीतरी लागतंच," ती म्हणाली. मग फार हळू, स्टिअरिंगकडे बघत, आणखी काहीतरी.

"काय म्हणालात?"

ती त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. फक्त तोंड उजेडात घेतलं.

"तू नसलास की मला मागचं काही दिसत नाही, असं म्हणाले. आणि पुढचंही धड दिसत नाही. आणि यंत्र येईल तेव्हा पहिला आवाज पत्र्यावरच्या पावसाचा ऐकायचा, माझ्याबरोबर, तोवर दुसरं काही ऐकलंस तर माझ्याशी गाठ आहे. आणि थोडक्यात सांगायचं तर…"

"थोडक्यात नको," तो म्हणाला. "सगळं सांग."

तो पलीकडून येऊन बसला. उजवा कान आपसूक तिच्याकडे आला. ती सांगत राहिली, तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि आता तिला त्या नजरेचा अर्थ नव्यानं लावावा लागला नाही.

मागं टेम्पो आणि बस दोन्ही जिवाच्या आकांतानं हॉर्न वाजवत होते. एवढा मोठा आवाज त्यालाही ऐकू आला असणार. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कानांचा फायदा घेतला, आणि मान काही वळवली नाही.