एकच निळी उरलीय

"सर, मॅडमना मागे बसायला ही सीट एकदम आरामशीर आहे. बघा ना," सेल्समन म्हणाला. माझ्याशी नाही, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी.

त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मरोळच्या त्या मोटरसायकलच्या शोरूममध्ये मी एकटीच आले होते. खांद्याला कामाची बॅग, हातात उधार आणलेलं हेल्मेट, आणि मार्चच्या उन्हाने चेहरा लालबुंद. तो माणूस त्याच निळ्या गाडीपाशी वाकून तिची चेन बघत होता, एवढाच काय तो आमचा संबंध.

तो सरळ उभा राहिला. उंच, सावळा, शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा एक डाग.

"मॅडमनाच विचारा की," तो सेल्समनला म्हणाला. "मी तर यांना आत्ताच बघतोय."

"गाडी मला हवीय," मी म्हटलं. "चालवायला. चावी द्या, एक चक्कर मारते."

सेल्समनच्या खिशावर 'नितेश' अशी पट्टी होती. तो बिचारा असा वरमला की मलाच वाईट वाटलं. त्याने चावी दिली. मी सिग्नलपर्यंत गेले, पिंपळाखालून वळले आणि परत आले. बाबांनी मला सतराव्या वर्षी गाडी शिकवली होती. त्यांनी तीस वर्षं बस चालवलेली, त्यामुळे त्यांच्या शिकवण्यात लाड नव्हते. तरी ही गाडी वेगळीच होती... हाताखाली मांजरीसारखी गुरगुरणारी.

परत आले तर तो उंच माणूस दारातच उभा.

"क्लच अर्धा दाबून ठेवता तुम्ही," तो म्हणाला. "वळण मात्र झकास घेतलंत."

"माझ्याकडे बघत होता?"

"गाडीकडे बघत होतो."

"मग वळण कसं दिसलं?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला एक बारीकशी खळी पडते, हे मला तेव्हा दिसलं. मी लगेच नजर गाडीच्या टाकीवर वळवली.

मग खरी भानगड कळली. ही गेल्या वर्षीच्या मॉडेलमधली शेवटची गाडी. पंधरा हजारांनी स्वस्त. "एकच निळी उरलीय," नितेश म्हणाला. "नवीन मॉडेल आपल्या बजेटच्या बाहेर जाईल, मॅडम. कोण बुक करतंय?"

"घरी विचारून सांगते," मी म्हटलं.

"घरी विचारून सांगतो," तोही त्याच क्षणी म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. मला ती गाडी हवी होती, आणि त्यालाही.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर त्याने नाव सांगितलं. शौनक लिमये, राहणार बोरिवली. बिल्डिंगांच्या लिफ्ट तपासण्याचं काम. दिवसातून पाच-सहा ठिकाणं, आणि चौदा वर्षांची जुनी गाडी आता दर आठवड्याला बंद पडणारी. मी म्हटलं, मी गंधाली परब, मुलुंड. फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन व्यायाम घेते. कुणाचा खुबा बदललेला, कुणाला पक्षाघात झालेला.

"म्हणजे दोघंही जिने चढणारे," तो म्हणाला.

"तू लिफ्टवाला असून जिने चढतोस?" कधी 'तू'वर आले, मलाच कळलं नाही.

"लिफ्ट बंद असते तेव्हाच मला बोलावतात ना!"

आम्ही तिथेच ठरवलं. पुढच्या रविवारपर्यंत कुणीच बुक करायची नाही, आणि एकमेकांना सांगितल्याशिवाय तर नाहीच. त्यासाठी फोन नंबर लागणारच होते. त्याने माझा नंबर 'निळी' नावाने सेव्ह केला. मी बघितलं.

घरी रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. आमच्या घरात खर्चाचा शेवटचा शब्द आईचा. बाबांच्या पेन्शनमध्ये आणि माझ्या कमाईत घर नीट चालतं, पण गाडीएवढी मोठी रक्कम एकाच ठिकाणी होती. माझ्या लग्नासाठी आईने जमवलेल्या एफडीत.

"ती मोडायची?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "आणि लग्नाला काय करायचं?"

"आई, लग्न कुणाशी ते अजून माहीत नाही. पेशंट कुठे आहेत ते मला माहीत आहे. दिवसाला दोन पेशंट जास्त होतील. वर्ष-दीड वर्षात पैसे परत त्याच जागी ठेवते."

"स्कूटर घे मग. मोटरसायकलच कशाला?"

"त्या खड्ड्यांतून रोज चाळीस किलोमीटर जायचंय. मोठी चाकं हवीत. आणि... मला आवडते, आई."

बाबांनी पानातून वर बघितलं. ते मनापासून बोलायला लागले की मालवणीतच बोलतात. "माझा चेडू गाडी चालवता, माका म्हायत आसा," ते म्हणाले. "त्येची भीती माका नाय."

"भीती कुणाला आहे?" आई म्हणाली. "मला आधी बघू दे. शनिवारी मी तुझ्याबरोबर येते. दिवसभर. तू काय करतेस, कुठे जातेस, सगळं बघते. मग बोलते."

मी तेच शौनकला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "वाट लागली माझी. तुझी आई बघेल आणि हो म्हणेल."

"तुझ्या घरी काय म्हणाले?"

"विचार चाललाय."

त्या आठवड्यात आम्ही गाडीबद्दल फारच बोललो. मायलेज, टायर, सीटची उंची. मायलेजवरून त्याच्या धाकट्या बहिणीवर, दीप्तीवर कसे पोचलो, आणि तिथून मला शेवपुरीत कांदा का चालत नाही यावर, ते सांगता येणार नाही. बुधवारी मी वैतागून लिहिलं, की घाटकोपरला चौथ्या मजल्यावर माझ्या एक पेशंट आहेत, वसुधाकाकू. खुब्याचं ऑपरेशन झालंय. मी त्यांना खोलीतल्या खोलीत चालवते, पण लिफ्ट दोन महिने बंद. सोसायटी म्हणते नवीनच बसवावी लागेल, आणि त्यावरून भांडणं. काकू अडकून पडल्यात.

"पत्ता पाठव," एवढंच उत्तर.

गुरुवारी काम संपवून तो तिथे आला. सेक्रेटरींना भेटला, त्यांच्या परवानगीने दोन तास वरखाली करत राहिला, आणि घामाघूम होऊन काकूंच्या दारात उभा राहिला. मी आत काकूंचा व्यायाम घेत होते.

"नवीन लिफ्ट कशाला हवीय?" तो म्हणाला. "दाराचा एक स्विच गेलाय. तुमच्या मेकॅनिकला मी लिहून दिलंय. शनिवारी सकाळी सुरू होईल."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. "हा कोण गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हा... माझ्या गाडीवर डोळा ठेवून आहे," मी म्हटलं.

"गाडीवरच ना?" काकू म्हणाल्या. त्यांचं ऑपरेशन खुब्याचं झालं होतं, डोळ्यांचं नाही. शौनक एकदम बाहेरचा जिना बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

शनिवारी आई आली. पायांत तिच्या ठेवणीतल्या चपला, हातात पाण्याची बाटली. सकाळी मुलुंडचे दोन पेशंट झाले. मग पवईला एक आजोबा, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि त्यांनी सात पावलं टाकली. आधी पाचच टाकायचे. त्यांच्या सूनबाईंनी तोंडावर पदर धरला. आई खुर्चीत अगदी ताठ बसून बघत होती.

पवईहून घाटकोपरला यायला रिक्षाच मिळेना. एक नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला. आई प्रत्येकाला बोट मोडून मोजत होती. नऊ नकार झाले. ऊन डोक्यावर. पाऊण तासाने बस आली, तीही उभ्याने.

"रोज असंच?" आईने विचारलं.

"आज बरं आहे," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

घाटकोपरला लिफ्ट सुरू होती. वसुधाकाकूंनी केसांत अबोली माळली होती. एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने मी. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, आणि दोन महिन्यांनी काकूंनी अंगणात पाऊल टाकलं. जास्वंदीच्या कुंड्यांपर्यंत गेल्या. एका कळीला नुसता हात लावला. 

लिफ्ट नीट चालतेय ना हे बघायला शौनकही आला होता. तो जिन्यापाशी उभा होता, आणि तो काकूंकडे बघत नव्हता. मी मान वर केली तेव्हा त्याची नजर माझ्यावर होती, आणि या वेळी त्याने ती वळवली नाही. मीच काठी सावरायचं निमित्त केलं.

आईने त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पिशवीतला लाडू दिला. परतीच्या वाटेवर तिने बाटलीतलं उरलेलं पाणी मला दिलं. मग म्हणाली, "मी ती एफडी तुझ्या लग्नासाठी केली होती. म्हणजे तुझं नीट व्हावं म्हणून. तुझं नीट कशात आहे ते आज बघितलं. सोमवारी बँकेत जाऊ. अर्धी मोडू, अर्ध्याचा हप्ता तू भर."

मी भर रस्त्यात तिला मिठी मारली. "अगं, लोक बघतायत," ती म्हणाली, पण सोडवून घेतलं नाही.

रविवारी सकाळी मी शौनकला फोन लावला. आता एकाला ती गाडी सोडावी लागणार होती, आणि मी भांडायच्या तयारीत होते.

"माझ्या घरून हो आहे," मी म्हटलं. "तुझं काय ते सांग."

"मी नितेशला कालच सांगितलं. निळी तुझ्या नावावर ठेवायला."

माझं डोकंच फिरलं. "न सांगता? आपलं काय ठरलं होतं? हे बघ, दानात दिलेली गाडी मला नकोय. मला ती जमते म्हणून हवीय."

"दान नाही गं." तो थांबला. "दीप्तीला बंगळुरूला ट्रेनिंग मिळालंय. तिथे राहायची सोय करायची तर डिपॉझिट भरावं लागेल. आमच्या घरचे पैसे तिकडे जाणार, आणि जायलाच हवेत. मी जुनीचंच इंजिन उघडून दुरुस्त करून घेतो."

"खरं सांगतोयस?"

"अर्धं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते... गाडीबद्दल नाही," तो म्हणाला. मग कुणीतरी बोलावतंय म्हणून त्याने फोन ठेवला. कुणी बोलावत नव्हतं, मला चांगलं कळत होतं.

पुढचे दहा दिवस तो फक्त कामापुरतं लिहायचा. विमा कुठला घे. नंबर प्लेट बघून घे. मी त्याला एकदाही छेडलं नाही. मला माझं उत्तर आठवड्यापूर्वीच मिळालं होतं, जास्वंदीच्या कुंड्यांपाशी. ते फोनवर वाया घालवायचं नव्हतं.

पाडव्याला सकाळी गाडी घरी आली. आईने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि मान हलवली. आईला आधी देवळापर्यंत फिरवून आणलं. तिने माझा खांदा घट्ट धरला होता, आणि उतरल्यावर म्हणाली, "एवढी हळू का चालवलीस?"

दुपारी मी म्हटलं, "आई, मी बोरिवलीला जाऊन येते."

"जा," ती म्हणाली. कुणाकडे, ते विचारलंच नाही.

सुट्टीमुळे रस्ता मोकळा होता. पवईच्या तलावावरून गरम वारा येत होता, त्यात पाण्याचा थोडा वास. जोगेश्वरीला हायवेवर चढले आणि गाडी मोकळी सोडली. मला भीती वाटत नव्हती. आनंदच इतका होता की हेल्मेटमध्ये मी मोठ्याने गात होते, बेसूर.

गप्पांत पत्ता कळलाच होता. शौनक बिल्डिंगखालीच सापडला. जुन्या गाडीचं इंजिन उघडून जमिनीवर बसलेला, हात कोपरापर्यंत काळे. मला बघून तो उठला, आणि पाना त्याच्या हातातून खाली पडला.

"तू... इथे? एवढ्या लांब?"

"पंचेचाळीस मिनिटं लागली. उरलेलं अर्धं घ्यायला आले."

तो कापडाने हात पुसत राहिला, जे पुसून काही उपयोग नव्हता.

"बरं, मग माझं ऐक," मी म्हटलं. "मला तू आवडतोस, शौनक. तू गाडी सोडलीस म्हणून नाही. तू वसुधाकाकूंसाठी घामाघूम होऊन वरखाली केलंस, आणि नंतर त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस, म्हणून. आणि तुझ्या खळीमुळेही. थोडं."

त्याने श्वास घेतला... आणि माझा फोन वाजला. आई.

"पोचलीस?"

"पोचले."

"बोललीस?"

मी हादरलेच. "हो... बोलले."

"मग तो काय म्हणतो?"

मी शौनककडे बघितलं. त्याला सगळं ऐकू जात होतं. वरच्या गुढीचा रेशमी पदर वाऱ्यावर फडफडत होता, आणि त्याचे कान लाल होऊन गेले होते. तो दोन पावलं पुढे आला. इतका जवळ, की ग्रीसचा आणि साबणाचा वास एकत्र आला.

"शोरूममध्ये तू म्हणालीस ना, गाडी मला हवीय," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच मिनिटाला मला तू आवडलीस. मला फक्त वाटलं, आत्ता बोललो तर तुला वाटेल गाडीच्या बदल्यात काही मागतोय. म्हणून दहा दिवस... फार वाईट गेले, गंधाली."

मी त्याचा हात धरला. माझे पाडव्याचे नवे कपडे होते, अबोली रंगाचे. त्यांची पर्वा नव्हती.

"हॅलो? काय म्हणाला? मला नीट ऐकू नाही आलं," आई फोनवर.

मी फोन त्याच्यापुढे धरला. तो क्षणभर घाबरला, मग खांदे सरळ केले. "काकू, शौनक बोलतोय. मी म्हटलं, मला गंधाली आवडते. मनापासून."

पलीकडे एक भांडं वाजलं. मग आईचा नेहमीचा, घर चालवणारा आवाज आला.

"मग हात धुऊन घे, आणि दोघं या. श्रीखंड काढून ठेवते."