आरशातलं तपकिरी

संग्रहालयाच्या फुलपाखरू दालनातून बाहेर पडायला दोन दारं आहेत. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या चिंचोळ्या जागेत भिंतभर आरसा, आणि मी. प्रत्येकाला आरशासमोर वळायला लावायचं, अंगावर फुलपाखरू दिसलं की त्याच्या पायांपुढे मऊ ब्रश धरायचा, ते आपणहून चढेपर्यंत थांबायचं आणि आत नेऊन सोडायचं. अकरा वर्षं हेच करतेय. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही.

तरी तीनदा पाहिलंय. आरशात मानेवर तपकिरी फुलपाखरू, प्रत्यक्ष मानेवर काहीच नाही. एक आमचा माळी, एक तिकीटवाल्या बाई, एक सहली घेऊन येणारे मास्तर. तिघंही महिन्याच्या आत गेले. साहेबांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, आरसा पुसत जा.

काल दुपारी माझी धाकटी बहीण आली. दालन बघून बडबडत बाहेर आली, आरशासमोर वळली. तिच्या मानेवर ते बसलं होतं. पंख सावकाश उघडत होतं, मिटत होतं.

माझं डोकंच फिरलं. तिघांच्या वेळी मी नुसती बघत राहिले होते.

बाहेरच्या दाराला कडी घातली आणि आरशात बघत तिच्या मोकळ्या मानेशी ब्रश धरला.

"ताई, गुदगुल्या होतायत. आहे का काही?"

"गप्प उभी राहा."

आतल्या दाराशी रांग लागली. साहेब काचेवर टकटक करायला लागले. मी ढिम्म हलले नाही. दहा मिनिटांनी आरशात ते ब्रशवर चढलं. आतलं दार किलकिलं करून घाईघाईत ब्रश झटकला. मला वेड्यात काढत बहीण घरी गेली. मला रडू आलं.

रांगेत पुढे एक बाई होत्या, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी.

आरशात मुलीच्या केसांत ते होतं.

आत चाळीस माणसं होती. मी ते त्यांच्यातच सोडलं होतं.

पुन्हा कडी घातली. बाई बावरल्या, आमचं काही चुकलं का विचारू लागल्या. मी ब्रश धरून उभी राहिले.

चढलं.

या वेळी आतलं दार उघडलं नाही. ब्रश स्वतःच्या मानेला टेकवला.

"बस," मी म्हटलं. "आता गाठ माझ्याशी आहे."

त्याचे पाय गार होते.