वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य

विषय: मयत बहिणीची फाइल ताब्यात घेणेबाबत. संदर्भ: मंगळवार, चौदा तारीख, रात्री साडेदहा.

हसू नका रे पोरांनो. ज्याची ही गोष्ट, तो कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. चहा दिला तरी समोरच्याची सही मागायचा, म्हणून त्याचं नाव 'पोच'.

त्याच्या ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. पोचचं मूत्रपिंड जुळलं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत घेऊन विचारलं, "मनातून तयार आहात ना? नसाल, तर 'दाता वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य' एवढंच बाहेर सांगू. खरं कारण कुणाला कळत नाही." पोचनं मान खाली घातली. बाहेर ताईच त्याची समजूत काढत होती, "वेड्या, तू द्यायला निघालास, त्यात सगळं आलं."

पुढं दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तिचं रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडत. पाणीसुद्धा मोजून प्यायची. मग गेली. भाचा म्हणाला, "मामा, उद्या सकाळी आईची फाइल आणतो." पोचला वाटलं, आत खरी नोंद असली तर? तो रात्रीच डायलिसिस विभागात पोचला.

पहारेकरी ओळखीचा. "कपाटात आहे, घ्या साहेब. आत कुणी नाही."

यंत्रं झाकलेली होती. एक सोडून. ते चालू होतं. नळ्या लाल. खुर्चीत ताई.

"आलास? बस."

पोच उभाच.

"मला माहीत होतं रे."

"कधी... कधीपासून?"

"त्याच दिवशी. बाहेर आलास ना, तुझ्या चालण्यावरून."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं त्याचं डावं मनगट धरलं. हात गार नव्हता. तेच वाईट.

"पोराला तू सांग."

दिवा गेला... आला. खुर्ची रिकामी. यंत्र झाकलेलं.

फाइल कपाटातच सोडून तो पळाला. सकाळी भाच्यानं ती नेली. आत शेरा एवढाच: वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य. डॉक्टरांनी शब्द पाळला होता. पोच सुटला, असं कागद म्हणतो.

त्या रात्रीपासून त्याचं डावं मनगट घरघरतं. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडतात, तिथं बोट ठेवलं की लागते तशी घरघर. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपनं ऐकली, दोनदा. टाक्याची खूण कुठंही नाही.

भाच्याला तोंडानं सांगायची छाती झाली नाही. म्हणून पोचनं रुग्णालयाला अर्ज केला: शेरा बदलून 'दाता योग्य होता, भ्याला' असा करावा, व मयताच्या मुलास कळवावे.

अर्जाला अकरा महिने झाले. प्रलंबित आहे.