बाहीवरची टाचणी

त्याने भिरकावलेला गळ तळ्यात पडायचा, तो थेट माझ्या टोपीत येऊन अडकला.

"माफ करा हं... लागलं का?" शेजारच्या होडीतून एक ओशाळलेला आवाज आला.

मी टोपी काढून पाहिली. गळाला हिरव्या पिसांचा भलामोठा झुपका बांधलेला.

"मला नाही लागलं. पण हे आहे तरी काय? बाटली घासायचा ब्रश?"

"टाचणीचं पिल्लू आहे," तो म्हणाला. "म्हणजे... मी स्वतः बांधलंय."

मला हसू आवरेना. टाचणी म्हणजे पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुर किड्याची नाजूक धाकटी बहीण. जून लागला की कॅम्लूप्सच्या डोंगरातल्या आमच्या तळ्यात तिची पिल्लं लव्हाळ्यांकडे पोहत येतात, देठावर चढून कात टाकतात आणि उडून जातात. वाटेत ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडतात, म्हणून आम्ही गळावर त्यांची नक्कल बांधतो. काडीसारखी बारीक. बाबांच्या खोल्यांमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांना त्या बांधून देणं हे माझं काम.

हाही आमचाच पाहुणा निघाला. ग्रेडी, व्हँकूवरचा गणिताचा मास्तर. संध्याकाळी व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन बसला, शिकवा म्हणाला.

"पिसं कमी घ्या. अजून कमी. अहो, उशी भरायची नाहीये."

त्याने दोऱ्यावर बोट ठेवलं, अगदी माझ्या बोटाला लागून.

"हे बोट कशाला मध्ये?"

"गाठ घट्ट बसावी म्हणून."

"गाठीला बोट लागत नाही."

"मला लागतं ना..." तो खाली बघून म्हणाला, आणि माझी गाठच चुकली.

होडीतही त्याची तीच तऱ्हा. गळ लव्हाळ्यांपाशी टाकायचा नि खोल पाण्याकडे ओढायचा.

"अरे वेड्या, पिल्लं किनाऱ्याकडे निघालीत. तू त्यांना परत माहेरी कुठे धाडतोयस?"

'अहो'चं 'अरे' कधी झालं, माझं मलाच कळलं नाही. तो मात्र दिवसभर हसत होता.

पण त्याला नोकरी लागली होती पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सला. शनिवारी दुपारचं विमान. मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि मी तोंड शिवून बसले होते. थांब म्हटलं आणि तो नाही म्हणाला तर?

शनिवारी सकाळी आम्ही शेवटचं होडीतून निघालो. त्याचा हात होडीच्या काठावर होता. ओल्या बाहीवरून काहीतरी हिरवं सरपटत वर आलं नि थांबलं.

"हलू नकोस," मी कुजबुजले.

आमच्या तळ्याचा नियमच आहे तो. अंगावर टाचणी जन्मत असेल, तर ती उडेपर्यंत त्या माणसाने हलायचं नाही आणि दुसऱ्याने त्याला उठवायचं नाही. बघता बघता पिल्लाची पाठ उकलली. आतून फिकट, ओलं अंग बाहेर आलं. पंख अजून चुरगळलेले.

तेवढ्यात किनाऱ्यावर बाबांनी गाडीचा भोंगा वाजवला. ग्रेडीला विमानतळावर तेच सोडणार होते.

"बाबा, टाचणी निघतेय, ग्रेडीच्या बाहीवर," मी ओरडले. बाबांनी मुकाट्याने इंजिन बंद केलं.

"विमान चुकेल," ग्रेडी हळूच म्हणाला.

"आणि चुकलं तर?"

"उद्याच हजर व्हायचंय, ती नोकरी जाईल. पण... कॅम्लूप्सच्या शाळेतही मास्तर हवाय. परवा जाऊन विचारून आलोय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एकदा तरी थांब म्हणतेस का, बघत होतो."

"थांब ना," मी म्हणाले. "मला तू आवडतोस, ग्रेडी. खूप."

"आता हललो तर चालेल?"

"मुळीच नाही."

"मग तूच ये इकडे..."

मी सरकत सरकत गेले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. टाचणीने पंख उघडले, जराशी थरथरली, आणि लव्हाळ्यांवरून निघून गेली.

"उडाली का गं?" बाबांची हाक आली.

ग्रेडी माझ्याकडे बघत होता. हात त्याने तसाच काठावर ठेवला होता.

"नाही अजून, बाबा," मी ओरडून सांगितलं. "वेळ लागेल."