‘उलटा पंचनामा’चं चौथं रीळ

ही गोष्ट रचलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो साहेबराव अजून पडेगावात राहतो. त्यानं ती मला दोनदा सांगितली, मध्ये सहा वर्षांचं अंतर ठेवून. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

आणि भुताची गोष्ट म्हणून रात्रीची वाट बघू नका.

जे झालं ते भर दुपारी झालं. नोव्हेंबर १९८७. औरंगाबाद. छावणीच्या बाजूचं एक जुनं टॉकीज. बाराचा खेळ.

साहेबराव मूळचा सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाळूजला कंपन्या आल्या तसा थोरल्या भावाच्या पाठोपाठ शहरात आला. भावाचं नाव मुंजाबा. दोघं एकाच कंपनीत, छावणीत एकाच खोलीत. फेब्रुवारी ८५ मध्ये मुंजाबा काविळीनं गेला. साहेबरावनं स्वतः अग्नी दिला. वहिनी वच्छलाबाई गावाकडं होती, ती शेंद्र्याला माहेरी निघून गेली.

साहेबरावला सेकंड शिफ्ट असायची, चारपासून. दुपार मोकळी. ती सगळी टॉकीजात जायची.

त्या शुक्रवारी ‘उलटा पंचनामा’ नावाचा मराठी पिक्चर लागला. पोस्टरसुद्धा धड नव्हतं. नोकरीवरून काढलेला एक हवालदार हरवलेल्या वॉचमनला शोधतोय. ज्याला विचारावं तो खोटं बोलतोय. आणि हळूहळू कळतं, या हवालदाराचेही हात बरबटलेले आहेत. नाच नाही, गाणं नाही. लाइटची ऐपत नव्हती म्हणून गल्लीतले सीन स्कूटरच्या हेडलाइटवर घेतलेले. रस्ते मोकळे मिळावेत म्हणून बंदचे दिवस गाठून आपल्याच शहरात शूटिंग उरकलेलं. ओस गुलमंडी, पडलेली शटरं, भिंतीवर निळ्या अक्षरात ‘नामांतर झालेच पाहिजे’.

साहेबराव बाहेर आला तो येडा होऊनच. असा पिक्चर त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

हॉलमध्ये नऊ माणसं होती.

कंपनीत शेजारच्या मशीनवर फकिरा असायचा. मुंजाबाचाही जुना सोबती.

“फकिरा, जाऊन ये राजा. लई भारी डिटेक्टिव पिक्चर हाय.”

“हिरोईन कोण?”

“हिरोईन नाय.”

“फायटिंग?”

“एक चापट हाय.”

“मंग बघायचं काय?”

“आरं, माणूस खोटं बोलतो तवा त्याच्या तोंडावर उजेड कसा पडतो ते बघायचं!”

फकिरा हसला. “खून कुणी केला तेवढं सांग. टिकिट वाचंल.”

साहेबरावचं डोकं सणकलं. त्यानं वीस जणांना सांगितलं. कॅन्टीनमध्ये सांगितलं, बसमध्ये सांगितलं, चाळीच्या नळावर सांगितलं. कुणी हसलं, कुणी ‘बघू’ म्हणालं. गेलं कुणीच नाही. शनिवारी तो पुन्हा एकटाच गेला.

सोमवारी तिसऱ्यांदा.

आणि सोमवारी त्याला ते दिसलं…

चौथं रीळ. हवालदार एका चहाच्या हॉटेलात शिरतो. हरवलेल्या वॉचमनचा फोटो एकेकाला दाखवतो. कोपऱ्यातल्या बाकड्यावर कंपनीच्या खाकी ड्रेसातला एक माणूस बसलाय. हवालदार त्याला विचारतच नाही. जणू तो तिथं नाहीच.

तो माणूस चहाचा ग्लास बाकड्यावर आपटतो.

टक… टक… टक.

मग मान वळवून सरळ पडद्याबाहेर बघतो.

मुंजाबा.

साहेबरावच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच भुवईवरचा वण. चहा पिण्याआधी ग्लास तीनदा वाजवायची तीच खोड.

त्याच्या डोक्यामागं, हॉटेलच्या भिंतीवर, एका मोर्चाचं पत्रक चिकटवलेलं होतं. त्यावर तारीख होती.

जानेवारी १९८७.

मुंजाबाला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

मंगळवारी त्यानं फकिराला दंडाला धरून टॉकीजात आणलं. तिकीट स्वतः काढलं. फकिरा पहिली तीन रिळं जांभया देत बसला. चौथं सुरू झालं आणि तो उठला. “बिडी वढून येतो.”

“फकिरा, बस! आत्ताच बस!”

तो गेलाच. परतला तेव्हा हॉटेलचा सीन संपला होता.

“दादा होता रं… आत्ता होता!”

“साहेबराव, सुट्टी घे चार दिवस,” फकिरा हळूच म्हणाला. साहेबरावला वाटलं, याच्या कानाखाली जाळ काढावा.

बुधवारी नामांतराचा बंद होता. टॉकीजला कुलूप. गुरुवारी पिक्चरचा शेवटचा दिवस.

बुधवारी साहेबरावनं सायकल काढली आणि शेंद्रा गाठलं. वच्छलाबाई रानातून नुकतीच आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“भावजी, तीन वरसं व्हत आली. मेलेलं माणूस पडद्यावर बघून मी काय करू?”

“वहिनी, पिक्चर बी लई चांगला हाय हो…”

बोलून गेला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

तिनं हातातलं खुरपं भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, “ग्लास वाजवत व्हते का?”

“व्हय. तीनदा,” साहेबराव म्हणाला. ग्लासाचं तेवढं त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी ती आली. हॉलमध्ये सहा माणसं. ती मधल्या रांगेत बसली, डाव्या हाताला साहेबराव. उजव्या हाताची खुर्ची रिकामी.

चौथं रीळ सुरू झालं. हवालदारानं हॉटेलचं दार ढकललं…

आणि लाइट गेली.

मिट्ट काळोख. मशीन थांबलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मग तीही थांबली. साहेबरावनं दात-ओठ खाल्ले. आत्ताच जायची होती?

मग आवाज आला.

टक…

टक…

टक.

पडद्याकडून नाही. पडदा मेलेला होता, स्पीकरही. आवाज वच्छलाबाईच्या पलीकडून आला. रिकाम्या खुर्चीकडून.

साहेबरावला हात हलवता येईना.

काळोखात वच्छलाबाई म्हणाली, “हं.”

थोड्या वेळानं पुन्हा, “हं…”

कुणीतरी काही सांगत असावं आणि आपण हुंकार द्यावा, तसं. पण दुसरा आवाज नव्हता. साहेबराव कान देऊन ऐकत होता. काहीच नव्हतं.

जनरेटर धडधडला. पडदा उजळला. हवालदार फोटो दाखवत होता. कोपऱ्यातलं बाकडं…

रिकामं.

त्यावर फक्त एक ग्लास. वाफ निघत असलेला.

“इथंच होता!” साहेबराव ओरडला. “वहिनी, आईची आन, इथंच होता!”

वच्छलाबाई पडद्याकडं बघतच नव्हती. ती शेजारच्या खुर्चीकडं बघत होती. त्या खुर्चीची घडीची फळी खाली पडलेली होती. दोघांच्या डोळ्यांदेखत ती कुरकुरत, सावकाश वर गेली. बसलेलं माणूस उठल्यावर जाते तशी.

ती उठून बाहेर आली. बाहेर रखरखीत ऊन. स्टँडवर शेंद्र्याकडची गाडी लागली. मग पदर सावरत, रागाशिवाय, तिनं विचारलं.

“भावजी, ते गेले तवा तुम्ही कुठं व्हता?”



गावाला, फकिराला, तिला, सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं होतं, दादानं माझ्या मांडीवर जीव सोडला म्हणून. खरं एकट्या त्याला माहीत होतं. त्या दुपारी मुंजाबा म्हणाला होता, “आज नको जाऊ, थांब.” आणि तो बाराच्या खेळाला गेला होता. परत आला तेव्हा अंग गार पडलं होतं.

“टॉकीजात,” तो म्हणाला. पहिल्यांदाच.

तिनं मान डोलावली. जणू जुळलं.

“आणखी काय म्हणला दादा? वहिनी, सांगा ना!”

“बाकीचं माझं हाय,” ती म्हणाली आणि गाडीत चढली.

त्याच संध्याकाळी पिक्चरचे डबे जालन्याला गेले. पुढं साहेबरावनं लई शोधलं. वितरकांना पत्रं लिहिली, व्हिडिओवाल्यांना विचारलं, नातवाकडून मोबाइलवर धुंडाळलं. ते नाव कुठंच नाही. पिक्चर मात्र एक नंबर होता, हे तो अजून छातीला हात लावून सांगतो. आणि दर दिवाळीला शेंद्र्याला जाऊन तो वहिनीला तेच विचारायचा. पस्तीस वर्षं. ती उठून आत जायची. तो चडफडत परत यायचा.

गेल्या उन्हाळ्यात वच्छलाबाईनं अंथरूण धरलं. तिच्या भाच्याचा निरोप आला. आत्यानं बोलावलंय, राहिलेलं सांगायचंय म्हणते.

शेंद्रा पडेगावहून तासाभराच्या वाटेवर आहे.

साहेबराव अजून गेलेला नाही.