कललेलं मेण

"उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा दिला नाही, तर माझं दुकान कायमचं बंद," मेणवाली म्हणाली.

ती घरी काचेच्या बरण्यांत मेणबत्त्या बनवून ऑनलाइन विकायची. कंपनीच्या गोदामात पाठवलेल्या तीन खोक्यांतलं मेण वितळून पोचलं होतं; कंपनीने खोके परत पाठवले होते. भरपाई मागितली, तर उत्तर आलं: माल आधीच खराब होता, तुम्ही फसवताय.

खासगी तपास करणाऱ्या बाईने बरणी उचलली. मदतनीस दिरामुळे तिला सगळेच वहिनी म्हणत. बरणीतलं मेण एका बाजूला कललेलं होतं. वरची काच मात्र स्वच्छ.

"सगळ्या अशाच?"

"साठच्या साठ. लेबलाच्या बाजूला उतरत्या. मी सगळी लेबलं एकाच दिशेला ठेवते."

तिच्या ओट्यावर सपाटी तपासायची गवंड्याची पाणसळ होती. "ओटा तिरका असला तर मेणबत्ती वाकडी जळते." बुडबुडा बरोबर मध्ये होता. वहिनीने पाणसळ उसनी घेतली.

"हिनेच वितळवलं असेल," वाटेत भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला सगळ्या बायका लबाड वाटतात, भाऊजी. मी सोडून."

"तुम्हाला कुठे सोडलंय?"

गोदामात माल उतरवून घेणारा वैतागलेला होता. "खोके उभे आले, उभेच घेतले. गाडी दोन दिवस उशिरा आली. फाटकाबाहेरची रांग आम्ही लिहीत नाही. ड्रायव्हरला विचारा."

वहिनीने फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये.

ड्रायव्हर बाहेरच्या यार्डात, गाडीतच बसला होता. दाढी वाढलेली. पुढच्या काचेशी औषधाच्या बाटल्या, सोबत छोटा मोजचमचा.

"दोन दिवस इथेच रांगेत होतो. गाडी हललीसुद्धा नाही."

वहिनी पाणसळ टेकवत यार्डभर फिरली, मग गाडीच्या हौद्यात चढली. बुडबुडा जागचा हलला नाही. तिने मेणवालीला बोलावून घेतलं.

"वितळलेलं मेण पाण्यासारखं सपाट होतं आणि तसंच थिजतं," वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली. "चालत्या गाडीत वितळलं असतं, तर हिंदकळून काचेला लागलं असतं. म्हणजे गाडी उभी होती. उन्हात वितळलं, गारव्यात थिजलं. तेही उतारावर. हिचा ओटा, गोदाम, यार्ड, हौदा, सगळं सपाट. ड्रायव्हरदादा, तुम्ही इथे नव्हता."

"मग कुठे? माल विकायला?" भाऊजींनी विचारलं.

"भाऊजी, एवढ्याशा चमच्याने मोठी माणसं औषध घेत नाहीत. आणि दवाखान्याच्या दाराशी रुग्णवाहिकेसाठी चढ असतो."

ड्रायव्हर खाली उतरला. "वाटेत फोन आला. मुलीला आयसीयूत नेलं होतं. म्हटलं, तासाभरात निघेन."

"आता कशी आहे?"

"दुसऱ्या दिवशी गेली."

भाऊजी दुसरीकडे बघू लागले.

"हे लिहून दिलं, तर माझी नोकरी जाईल," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही दिलंत, तर माझं दुकान. घर त्याच्यावरच चालतं," मेणवाली म्हणाली. तिने कागद पुढे केला. "नाव काय होतं तिचं?"

त्याने सांगितलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून सही केली.